पुढच्या ग्राफिक्स कार्डाची वाट

सीईटीच्या प्रवेशफेऱ्यांच्या याद्या लागू लागल्या की नवी मुंबईत लॅपटॉपखरेदीचा हंगाम सुरू होतो. एकट्या नेरूळमध्ये रामराव आदिक, एसआयईएस आणि तेरणा ही तीन इंजिनीअरिंग कॉलेजे आहेत. वाशीत फादर ॲग्नेल संकुलातले रॉड्रिग्ज, ऐरोलीत दत्ता मेघे, बेलापूरला भारती विद्यापीठ, नवीन पनवेलला पिल्लई. त्यात नेरूळ-पनवेलच्या आर्किटेक्चर कॉलेजांची भर. प्रवेश पक्का झाला, फी भरली, की घरातला पुढचा मोठा खर्च हाच. आईबाबांची अट एकच असते : कोर्स संपेपर्यंत टिकला पाहिजे. मुलांची अट वेगळी असते : ग्राफिक्स कार्ड चांगले हवे. आणि नेमका त्याच सुमारास एखादा सीनियर किंवा मावसभाऊ सांगतो, ‘आत्ता घेऊ नकोस, पुढची सिरीज येतेय.’

हा सल्ला कधी खरा ठरतो, कधी महागात पडतो. कधी काय होईल, हे बऱ्याच अंशी आधी ओळखता येते.

वाट पाहण्याचे गणित १९९९ मध्येच कोणीतरी मांडून ठेवले आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात खगोलशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या ख्रिस गॉटब्राथ, जेरेमी बेलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा शोधनिबंध लिहिला. त्यांचा प्रश्न असा, की संगणकांचा वेग दर अठरा महिन्यांनी दुप्पट होत असेल, तर एखादे प्रचंड मोठे गणित आजच्या यंत्रावर आज सुरू करावे, की काही काळ स्वस्थ बसून नंतरच्या वेगवान यंत्रावर करावे? निबंधाचा सूर खेळकर होता, पण हिशेब चोख होता. आजच्या यंत्रावर २६ महिन्यांपेक्षा जास्त चालणारे काम असेल, तर थांबून नवे यंत्र घेणारा आधी पोचतो. त्याहून लहान काम असेल, तर आज सुरू करणाराच पुढे राहतो.

हाच हिशेब लॅपटॉपला लावून पाहावा. विद्यार्थ्याचे सर्वांत जड काम म्हणजे एखादे रेंडर, म्हणजे त्रिमिती मॉडेलवरून चित्र घडवणे. ते रात्रभर चालेल, फार तर दोन दिवस. २६ महिने चालणारे काम कोणाच्याच दप्तरात नसते. शिवाय दर अठरा महिन्यांनी दुप्पट हा वेग आता राहिलेला नाही. दुप्पट व्हायला चार वर्षे लागतात असे धरले, तर त्याच सूत्राने ती मर्यादा २६ महिन्यांवरून ६९ महिन्यांवर जाते. प्रगती जितकी मंद, तितका वाट पाहण्याचा फायदा कमी. निव्वळ वेगासाठी थांबण्याच्या बाजूने त्यामुळे फारसे बोलता येत नाही. थांबण्यासारखे कारण असलेच तर ते वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते, आणि त्यासाठी चिपच्या आत डोकवावे लागते.

ग्राफिक्स चिपमध्ये हजारो छोटे गणक एकाच वेळी काम करतात. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका कोणत्या रंगाचा, हे ठरवण्याची लाखो सारखी गणिते ते आपसांत वाटून घेतात. ग्राफिक्स चिप बनवणारी एनव्हिडिया कंपनी या गणकांना ‘कुडा कोअर’ म्हणते. कोअर किती, हा पहिला आकडा. त्यांच्या हाताशी असलेली खास मेमरी, म्हणजे व्हीरॅम, किती जीबी, हा दुसरा. चिपला किती वॅट वीज मिळते, हा तिसरा. आणि ती कोणत्या कारखान्यातल्या कोणत्या प्रक्रियेने घडवली, हा चौथा. हा चौथा आकडा दुकानातल्या पाटीवर कधीच नसतो, पण वाट पाहायची की नाही हे बहुतेक वेळा तोच ठरवतो.

याचे कारण उष्णता. डेस्कटॉपमध्ये जागा असते, मोठे पंखे असतात, त्यामुळे कार्डाला हवी तेवढी वीज देता येते. दोन सेंटीमीटर जाडीच्या लॅपटॉपमध्ये तसे चालत नाही. तिथे वॅट मोजूनमापूनच मिळतात, आणि तेवढ्याच वॅटांत जास्त काम करून घ्यायचे तर ट्रान्झिस्टर आणखी बारीक व कमी वीज खाणारे हवेत. म्हणून लॅपटॉपमध्ये खरी उडी दिसते ती कारखान्यातली प्रक्रिया बदलते तेव्हा.

मागच्या तीन पिढ्यांत हे अगदी स्पष्ट दिसते. एनव्हिडियाची आरटीएक्स ३० मालिका लॅपटॉपमध्ये जानेवारी २०२१ मध्ये आली. तिच्या चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनत. ४० मालिका लॅपटॉपसाठी जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली आणि तिच्या चिप तैवानच्या टीएसएमसीकडे बऱ्याच पुढच्या प्रक्रियेवर घडल्या. तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त काम होऊ लागले. २०२२ च्या दिवाळीत ज्यांनी आणखी काही महिने कळ काढली, त्यांना त्याचे फळ मिळाले. ५० मालिका जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात जाहीर झाली. पण या वेळी प्रक्रिया जवळपास तीच राहिली, टीएसएमसीचीच. परिणाम कागदावरच दिसतो. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०७० मध्ये ४,६०८ कोअर आणि ८ जीबी मेमरी होती. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०७० मध्येही ४,६०८ कोअर आणि ८ जीबीच मेमरी. मेमरीचा प्रकार नवा आणि जास्त वेगवान, रचनेत सुधारणा, काही नव्या सोयी. पण २०२४ च्या दसऱ्याला सवलतीत ४०७० घेणाऱ्याला हळहळण्याचे कारण नव्हते.

म्हणजे ‘पुढची सिरीज येतेय’ हे वाक्य दोन वर्षांच्या अंतराने दोनदा म्हटले गेले. एकदा ते मोलाचे होते, दुसऱ्यांदा नव्हते.

नावांचा गोंधळ हा आणखी वेगळा विषय आहे आणि त्यात अनेक घरांचे पैसे वाया जातात. डेस्कटॉपचे ५०७० आणि लॅपटॉपचे ५०७० ही एकाच नावाची दोन वेगळी कार्डे आहेत. डेस्कटॉपच्या कार्डात ६,१४४ कोअर, १२ जीबी मेमरी आणि २५० वॅटची मुभा. लॅपटॉपमध्ये वर सांगितलेले ४,६०८ आणि ८ जीबी, आणि वीज त्याच्या निम्म्याहूनही कमी. ४०९० च्या बाबतीत दरी आणखी मोठी होती : डेस्कटॉपमध्ये १६,३८४ कोअर, लॅपटॉपमध्ये ९,७२८. यूट्यूबवर डेस्कटॉप कार्डाची चाचणी पाहून लॅपटॉपची अपेक्षा ठरवणाऱ्याचा अपेक्षाभंग अटळ आहे.

त्यातही एकाच नावाच्या दोन लॅपटॉप कार्डांत फरक असतो. ४०६० साठी एनव्हिडियाने दिलेला विजेचा पल्ला ३५ ते ११५ वॅट होता. पातळ, देखण्या, बारीक चार्जरच्या लॅपटॉपमध्येही ४०६० आणि जाडजूड गेमिंग लॅपटॉपमध्येही ४०६०. डब्यावरचा स्टिकर सारखाच. पूर्वी कमी विजेच्या प्रकाराला ‘मॅक्स-क्यू’ असे वेगळे नाव तरी असे. २०२१ मध्ये ती पाटीही गेली. ३० मालिकेच्या वेळी तर कमी वॅट दिलेले ३०७० भरपूर वॅट दिलेल्या ३०६० च्या मागे पडल्याची उदाहरणे परीक्षणांतून समोर आली होती. जो वर्षभर थांबून नवे पण उपाशी ठेवलेले कार्ड घेतो, तो आधीच्या पिढीतले पोटभर वीज मिळणारे कार्ड घेणाऱ्याच्या पुढे जाईलच असे नाही.

आता कामाकडे वळू, कारण उत्तर तिथेच दडलेले असते.

बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी रचलेली वसाहत आहे; लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. उतरत्या छपरांची बैठी घरे, मध्ये छोटी अंगणे, सात-आठ घरांत मिळून एक चौक. नवी मुंबईतल्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना ही वसाहत म्हणजे दारातला धडा. समजा, एखादीने अभ्यास म्हणून तिथल्या एका चौकाचे त्रिमिती मॉडेल केले. भिंती, छपरे, पायऱ्या हा भाग अगदी हलका. साधा लॅपटॉपही तो फिरवून दाखवेल. ऑटोकॅडमधली द्विमिती ड्रॉइंग असोत किंवा रेव्हिटमधले मॉडेल, तिथे प्रोसेसरचा एका कोअरचा वेग आणि रॅम हेच जास्त कामाला येतात. ग्राफिक्स कार्डाचा घाम निघतो तो त्यानंतर, लुमियन, एन्स्केप किंवा ट्विनमोशनसारख्या रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्ये त्या चौकात झाडे लावली, कौलांना खरीखुरी कौले चढवली, पावसाने ओल्या झालेल्या फरशीत आकाश दिसायला लावले की.

त्या कौलांचे एक छायाचित्र चार हजार शहाण्णव ठिपके रुंद आणि तेवढेच उंच असेल, तर त्यात सुमारे १ कोटी ६८ लाख ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले, की एकट्या त्या चित्राला न दाबता ठेवायला ६४ एमबी जागा लागते. भिंतीच्या गिलाव्याला वेगळे चित्र, सालीला वेगळे, पानांना वेगळे. शिवाय एकेका पृष्ठभागाला रंगाचे, खडबडीतपणाचे, चमकीचे अशी तीन-चार चित्रे. अशी १२८ चित्रे झाली की ८ जीबी संपले, आणि अजून झाडांची भूमिती, प्रकाशाची गणिते, पडदा हे सगळे बाकीच आहे. सॉफ्टवेअर दाबून-दुबून पुष्कळ भागवून नेते, पण मर्यादा ही अशी जवळ असते.

मर्यादा ओलांडली की काय होते, हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डोळ्यांनी पाहता येते. ‘परफॉर्मन्स’मध्ये जीपीयूवर टिचकी मारली की खाली दोन आलेख दिसतात : एक ‘डेडिकेटेड’ मेमरीचा, एक ‘शेअर्ड’ मेमरीचा. पहिला चढत चढत छताला टेकतो, सपाट होतो, आणि त्याच क्षणी दुसरा वर सरकू लागतो. दृश्य फिरवताना बसणारे झटके तिथूनच सुरू होतात. कारण सरळ आहे. लॅपटॉपच्या ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २५६ जीबी पुरवते. तीच माहिती साध्या रॅममधून आणायची तर मधल्या वाटेची क्षमता साधारण १६ जीबी. कार्डातले तीन हजारांहून अधिक गणक मग हात बांधून बसतात. अशा वेळी थोडे वेगवान पण तेवढ्याच ८ जीबीचे नवे कार्ड आले तरी अडचण जागच्या जागी राहते.

म्हणून आर्किटेक्चरच्या मुलांसाठी वाट पाहण्याचा प्रश्न व्हीरॅमवर येऊन थांबतो. २०२५ च्या लॅपटॉप मालिकेत ५०७० टीआयला १२ जीबी मिळाले, ५०८० ला १६, ५०९० ला २४. पण त्या किमती बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. या मुलांच्या हातात मात्र एक वेगळी सवलत आहे. पाच वर्षांच्या बी.आर्क.च्या पहिल्या वर्षी बरेचसे काम हाताने होते : ड्राफ्टर, पेन्सिल, ट्रेसिंग, पुठ्ठ्याची मॉडेल्स. जड रेंडरिंग पुढे येते. पहिल्या वर्षाच्या ऑगस्टमध्येच दीड लाखाचा लॅपटॉप घेतला, तर त्याच्या कार्डाची गरज लागेपर्यंत त्याची एक वर्षाची वॉरंटी संपलेली असते. इथे थांबणे खरोखर शहाणपणाचे आहे, आणि त्याचा पुढच्या सिरीजशी काही संबंध नाही. घरातला जुना लॅपटॉप किंवा साधा संगणक असेल तर पहिले वर्ष त्यावर निघून जाते.

इंजिनीअरिंगचे पहिले वर्ष याहून हलके. सी किंवा पायथनचे प्रोग्रॅम लिहायला ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. मेकॅनिकलवाल्यांना सॉलिडवर्क्ससाठी, तेही मोठ्या जोडण्या उघडायला लागल्यावर, कार्डाची आठवण येते.

एआय आणि डेटा सायन्सच्या शाखांत मात्र ‘कार्ड मोठे हवे’ हा आग्रह जोरात असतो, आणि तो थोडा तपासून घ्यायला हवा. सात अब्ज पॅरामीटरचे भाषिक मॉडेल प्रत्येकी दोन बाइटने ठेवायचे तर १४ जीबी मेमरी लागते. ते चार बिटांवर आवळले तर साडेतीन जीबीच्या आसपास येते आणि ८ जीबीच्या लॅपटॉपवर चालते. म्हणजे तयार मॉडेल चालवून पाहणे घरी शक्य आहे. ते नव्याने शिकवणे ही वेगळी गोष्ट. त्यासाठी कितीही थांबले तरी परवडणारा लॅपटॉप पुरा पडणार नाही. गुगल कोलॅबवर फुकट मिळणाऱ्या टी-४ कार्डातच १६ जीबी मेमरी असते, आणि कॉलेजातले बहुतेक प्रयोग त्यावर होतात. नवी मुंबईकरांच्या तर हे अगदी शेजारचे आहे : पनवेलच्या योट्टा डेटा सेंटरमध्ये २०२४ मध्ये एनव्हिडियाच्या एच-१०० चिपचा मोठा साठा येऊन बसला. त्यातल्या एकेका चिपला ८० जीबी मेमरी असते आणि एकटी चिप ७०० वॅटपर्यंत वीज घेते. असे कार्ड तासाच्या भाड्याने वापरायचे असते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये मंजूर केलेल्या १०,३७२ कोटींच्या इंडिया एआय मिशनचा एक भाग अशीच संगणनशक्ती सवलतीत देण्याचा आहे. या विद्यार्थ्यांनी ग्राफिक्सवरचे पंचवीस हजार वाचवून रॅम आणि चांगल्या पडद्यावर घातले तर ते जास्त कामी येतात.

व्हिडिओ एडिटिंगचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे, आणि तिथे थांबणे एकदा फार योग्य ठरले. लग्ने, जत्रा, छोट्या जाहिराती चित्रित करणारी मंडळी आजकाल सोनी किंवा कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर १० बिट ४:२:२ या पद्धतीने चित्रण करतात. त्यात रंगांची माहिती जास्त साठते, त्यामुळे हळदीच्या पिवळ्यात किंवा शालूच्या लालीत नंतर फेरफार करता येतात. पण ही पद्धत उलगडणारे खास यंत्र एनव्हिडियाच्या ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांत नव्हतेच. ४०९० असलेला लॅपटॉपही इथे अडखळे, तर इंटेलच्या प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स ११व्या पिढीपासून एचईव्हीसी प्रकारातले असे चित्रण सहज उलगडत होते. ५० मालिकेत एनव्हिडियाने ही सोय आणली. ज्याचे रोजचे काम याच एका गाठीशी अडत होते, त्याच्यासाठी २०२५ पर्यंत थांबण्याला अर्थ होता. तो वेगासाठी थांबला नाही; नसलेली क्षमता येणार होती म्हणून थांबला. आणि ज्याला थांबणे शक्य नव्हते, त्याला इंटेलचा प्रोसेसर किंवा ॲपलचा मॅक ही वाट तेव्हाही मोकळी होती.

ॲपलचे नाव निघाले की २०२० आठवतेच. त्या वर्षी २२ जूनला ॲपलने जाहीर केले की मॅकमधून इंटेलचे प्रोसेसर जाणार आणि कंपनीच्या स्वतःच्या चिप येणार. १० नोव्हेंबरला एम-१ आली. या पाच महिन्यांत ज्यांनी इंटेलचा मॅकबुक एअर घेतला, त्यांचे नुकसान झाले हे स्पष्ट म्हणावे लागेल. एम-१ चा एअर बिनपंख्याचा, थंड राहणारा आणि ग्राफिक्समध्ये कितीतरी पुढे होता. २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही नवी प्रणाली त्यावर चालते, इंटेलच्या एअरवर चालत नाही. इथे थांबण्याच्या बाजूने सगळेच होते : कंपनीने स्वतः दिलेला शब्द, जवळची तारीख आणि मुळापासूनचा बदल.

गेमिंगबद्दल बोलताना नवी मुंबईतल्या सगळ्या हॉस्टेलांत एकच नाव निघते : जीटीए ६. त्यासाठी लॅपटॉपची खरेदी रोखून धरणारे कमी नाहीत. पण तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने हा गेम जाहीर केला तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. आधी २०२५, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६ अशी तारीख सरकत गेली. याआधीचा जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये, म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळाने. जो गेम लॅपटॉपवर येण्याची तारीखच नाही, त्यासाठी आज यंत्र अडवून ठेवण्यात काही हशील नाही. व्हॅलोरंटसारख्या गेमसाठी तर साधे अंगभूत ग्राफिक्सही चालते.

गेमिंगमध्ये खरी सीमारेषा दुसरीकडे आहे. डिसेंबर २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ चा ‘डूम : द डार्क एजेस’ हे गेम रे ट्रेसिंगचे हार्डवेअर असल्याशिवाय चालतच नाहीत. प्रकाशाचा किरण कुठे आदळला, कुठून परतला हे मोजणारा तो चिपमधला वेगळा भाग. २०१९ नंतरची काही वर्षे आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपमध्ये ज्याची चलती होती, त्या जीटीएक्स १६५० मध्ये तो नाही. असा लॅपटॉप असलेल्याने नवे घेण्याचा विचार करणे रास्त आहे. आरटीएक्स असलेल्याला मात्र घाई नाही, कारण काही सुधारणा जुन्या कार्डांपर्यंतही पोचतात. कमी ठिपक्यांचे चित्र मोठे करून दाखवणाऱ्या डीएलएसएसचे २०२५ मधले सुधारित मॉडेल २०१८ च्या २० मालिकेपासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांना मिळाले. फक्त ५० मालिकेसाठी राखून ठेवले गेले ते दोन फ्रेमच्या मध्ये एकापेक्षा जास्त फ्रेम कल्पून भरण्याचे तंत्र. सीईएसच्या मंचावरून एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ‘५०७० मध्ये ४०९० ची ताकद’ असे सांगितले, ते या भरलेल्या फ्रेम धरूनच. त्या फ्रेमनी हालचाल गुळगुळीत दिसते. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ मात्र त्यामुळे कमी होत नाही.

पैशाची बाजू पाहिली, तर वाट पाहणारा बहुतेक वेळा गृहीत धरतो की यंत्रे स्वस्तच होत जातात. २०२१ मध्ये हे गृहीतक सपशेल खोटे ठरले. चिपचा तुटवडा, टाळेबंदीतल्या ऑनलाइन वर्गांमुळे वाढलेली मागणी आणि इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामासाठी उचलली जाणारी कार्डे असे तिन्ही एकत्र आले. ग्रँट रोडच्या डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे लोकांच्या लॅमिंग्टन रोडवर, सुटी ग्राफिक्स कार्डे छापील किमतीला मिळेनाशी झाली. २०२२ मध्ये तो ताण ओसरत गेला, आणि १५ सप्टेंबरला इथेरियमने खाणकामाची पद्धतच सोडली. २०२३ मध्ये ३ ऑगस्टला, ऐन प्रवेशाच्या हंगामात, केंद्राने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घातली आणि दुसऱ्याच दिवशी ती पुढे ढकलली. रुपयाचेही तसेच. जानेवारी २०२१ मध्ये डॉलर ७३ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. डॉलरमध्ये किंमत तीच राहिली, तरी वाशीच्या दुकानात ती पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलेली दिसणार.

आणि २०२५ च्या अखेरीस मेमरीची कथा सुरू झाली. एआय डेटा सेंटरांची भूक भागवायला मेमरी बनवणाऱ्या कंपन्या तिकडे वळल्या आणि साध्या रॅमच्या किमती चढू लागल्या. मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ ला ‘क्रुशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. पनवेलच्या डेटा सेंटरला आणि नेरूळच्या विद्यार्थ्याला लागणारी मेमरी शेवटी त्याच मोजक्या कारखान्यांतून येते. आत्ता १६ जीबीवर भागवू, पुढे स्वस्त झाली की दुसरी पट्टी टाकू, ही वर्षानुवर्षे चालत आलेली युक्ती अशा काळात उलटू शकते.

थांबायचेच असेल तर सेलसाठी थांबणे त्यातल्या त्यात भरवशाचे. दसरा-दिवाळीच्या आधी आणि प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास सवलती येतात, त्यांच्या तारखा साधारण ठरलेल्या असतात आणि वाट आठवड्यांची असते. एनव्हिडियाची नवी लॅपटॉप कार्डे दर दोन वर्षांनी जानेवारीत जाहीर होत आली आहेत, पण मधल्या किमतीचे लॅपटॉप दुकानात यायला उन्हाळा उजाडतो. ५०६० ची घोषणा जानेवारीतल्या मालिकेबरोबर झालीच नाही. ते लॅपटॉप मे २०२५ मध्ये आले. सुरुवातीच्या किमतीही चढ्याच असतात. त्यामुळे ‘दोन महिन्यांत येतेय’ म्हणजे खिशाला परवडेल असे यायला सहा ते आठ महिने, असा हिशेब धरावा. तेवढ्यात एक सेमिस्टर जाते.

हार्बर आणि ट्रान्सहार्बरच्या गर्दीत रोज प्रवास करणाऱ्याने एक गोष्ट आणखी पाहावी. तगडे कार्ड असलेला लॅपटॉप अडीच किलोच्या आसपास भरतो आणि त्याचा २३० वॅटचा चार्जर आणखी पाऊण किलो. चार्जर घरी ठेवून चालत नाही. ८० वॅट-तासांची बॅटरी असेल आणि कार्ड व प्रोसेसर मिळून १६० वॅट ओढत असतील, तर ती अर्धा तास पुरेल. म्हणून बॅटरीवर असताना लॅपटॉप कार्डाचा गळाच आवळतो. पनवेलहून रोज ठाण्याला जाणाऱ्या मुलीसाठी दीड किलोचा हलका लॅपटॉप आणि घरी लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेला डेस्कटॉप ही जोडी कित्येकदा एका महागड्या गेमिंग लॅपटॉपपेक्षा सोयीची पडते. डेस्कटॉपचे कार्ड पुढे बदलताही येते. लॅपटॉपमध्ये रॅम आणि एसएसडी बहुधा बदलता येतात. ग्राफिक्स चिप मात्र मदरबोर्डाला कायमची सोल्डर केलेली असते.

मे महिन्याच्या दमट उकाड्याचाही कार्डाच्या वेगावर परिणाम होतो. शोरूमच्या एसीत शांत वाटणारा लॅपटॉप घरी पंख्याखाली, गादीवर ठेवून चालवला की तापतो आणि स्वतःहून वेग कमी करतो. टेबलावर, मागून थोडा उचलून, खालच्या जाळ्या मोकळ्या ठेवून वापरला तर जुन्या कार्डाकडूनही बरेच काम काढता येते. दोन-तीन वर्षांच्या लॅपटॉपची धूळ साफ करून थर्मल पेस्ट बदलून घेतली, तर अनेकदा नवे घेण्याची निकड वर्षभर पुढे जाते.

दुकानात गेल्यावर मात्र दोन मिनिटांचे काम चुकवू नये. मांडून ठेवलेल्या लॅपटॉपवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडावे, त्यातल्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’वर टिचकी मारावी. तिथे कार्डाच्या नावाखाली कोअरची संख्या, व्हीरॅम आणि ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’चा वॅटमधला आकडा असतो. स्टिकरवर न छापलेले आणि विक्रेत्यालाही अनेकदा ठाऊक नसलेले हे तिन्ही आकडे मोबाइलवर टिपून घ्यावेत, मग शेजारच्या, दहा हजारांनी महाग असलेल्या लॅपटॉपवर तेच पान उघडावे. ४०६० साठी १०० वॅटच्या पुढे फारसा फरक पडत नाही. ५० वॅट दिसले, तर त्या यंत्राची किंमत बारीक अंगासाठी आकारलेली आहे असे समजावे.